बिशपच्या दारी

हल,
६ एप्रिल १९८६

प्रिय कथबर्टमामा,

या आठवड्यात वर्गात मी तुझ्या क्वीनीची गोष्ट सांगितली. इथली सगळी मुलं बंदराकाठची. फेरेट म्हणजे काय, कुणालाच माहीत नव्हतं. मी फळ्यावर काढून दाखवलं: लांबलचक अंग, आखूड पाय, सशाच्या बिळात शिरून त्याला बाहेरच्या जाळ्यात हुसकावणारं चिमुकलं शिकारी जनावर. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मिस, हा तर दात असलेला पायमोजा!" सगळा वर्ग हसला. मग मी सांगितलं, की ज्या वर्षी आमची खाण संपावर होती त्या वर्षी या पायमोज्याने अर्ध्या गावाला जेवू घातलं. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

मामा, दिवस मोठे होत चाललेत. क्वीनी माजावर आली असेल. गेल्या वेताला ती अडली होती, डॉक्टरांनी बजावलंय की पुन्हा पिल्लं नकोत, आता वाचणार नाही. म्हणजे तिला नसबंदी केलेलाच नर दाखवायला हवा: माज उतरेल आणि पिल्लंही होणार नाहीत. तसा नर गावात एकच आहे. बाबांचा बिशप.

हे इथे बसून लिहिणं सोपं आहे, मला माहीत आहे. तरी लिहिते. आईला माझा नमस्कार सांग. ती रविवारी तुझ्याकडे डबा घेऊन येते ना अजून?

तुझी
बेव्ह


थॉर्नहोप,
१४ एप्रिल

बेव्ह पोरी,

त्या मुलीला सांग, पायमोजा कधी कुणाच्या अंगठ्यातून आरपार दात घालत नाही. माझा अंगठा पाठवून देऊ का दाखवायला?

क्वीनी माजावर आली, गुड फ्रायडेच्या सुमारास. शेपटीखालची निरण अक्रोडाएवढी फुगलीये. बाकी तब्येत ठणठणीत. खाते, भांडते, माझ्या बुटाच्या नाड्या चोरते.

पण त्या दारी मी जाणार नाही. तुला ठाऊक आहे रीत काय ती. मादी नराच्या दारी न्यायची. मालकाने स्वतः टोपली काखेत मारून जायचं, दार ठोठावायचं, "तुझा नर देतोस का" म्हणून विचारायचं, आणि काम होईतो त्याच्या स्वयंपाकघरात बसून चहा प्यायचा. अख्खं गाव तसंच करतं. म्हणून तर त्या नराला बिशप म्हणतात, सगळे त्याच्या दारी येतात. मी संपफोड्याच्या दारात उभा राहून काही मागणार नाही आणि त्याच्या घरचा चहा माझ्या घशाखाली उतरणार नाही. तो तुझा बाप आहे, माझ्या बहिणीचा नवरा आहे, ते मी काय करू? दगड लागू नयेत म्हणून जाळ्या ठोकलेल्या बसमध्ये बसून, पोलिसांच्या गराड्यातून, आमच्या डोळ्यांदेखत तो खाणीत गेला. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. त्याने मान खाली घातली होती. मी नव्हती घातली.

डोरीन डबा आणते. बरी आहे.

तुझा मामा
कथबर्ट


हल,
२० एप्रिल

प्रिय मामा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. संपाबद्दल मी तुझ्याशी वाद घालणार नाही. पण क्वीनीच्या बाबतीत तुझा काही गैरसमज तर नाही ना, अशी मला भीती वाटते.

सोबत एक आकृती काढून पाठवते आहे. बघ, गायीचा माज दिवसाभरात उतरतो, कुत्रीचा काही आठवड्यांत. फेरेटचं तसं नाही. नराची गाठ पडल्याशिवाय तिच्या अंडाशयातून बीज सुटतच नाही, आणि तोवर तिचा माज उतरत नाही. पार शरद ऋतूपर्यंत तशीच राहते. त्या काळात तिच्या रक्तात जे द्रव्य पाझरत राहतं ते मादीला मादी बनवतं खरं, पण फार दिवस राहिलं तर तेच विष होतं. रक्त हाडांच्या आत तयार होतं, तिथे जाऊन ते रक्त बनणंच बंद पाडतं. (आकृतीत तांबडा भाग.) "उतरेल आपोआप" असं काही मानून बसू नकोस.

बिशप नको असेल तर बाजारगावच्या डॉक्टरांकडे ने. हल्ली माज उतरवायची सुई मिळते. एकदा टोचली की झालं. तिथे कुणाचं दार ठोठावायला नको, चहा नको.

तुझी
बेव्ह


थॉर्नहोप,
११ मे

बेव्हर्ली,

तुझी आकृती मिळाली. चुलीशेजारी लावून ठेवलीये, म्हणजे आल्यागेल्याला बघता येईल की माझ्या भाचीला तांबडी पेन्सिल वापरता येते.

मी फेरेट पाळतोय तेव्हा तुझी आई वेण्या घालत होती. माजावर सोडलेली मादी सुकून मरते, हे मला वयाच्या बाराव्या वर्षापासून माहीत आहे. माझ्या बापाची एक तशीच मेली, मी डोळ्यांनी पाहिली. मला कळत नाही म्हणून मी जात नाही, असं तुला वाटलं? कळतंय, पोरी. सगळं कळतंय. तू शिकलीस, पदवी घेतलीस, आम्ही सगळे टाळ्या वाजवायला आलो होतो, तुझ्या बापाच्या शेजारी बसायचं नाही म्हणून मी मागच्या रांगेत होतो. पण मला प्राथमिक शाळेत बसवू नकोस.

सुईचं म्हणशील तर शेजारच्या वाफ्यातल्या हॅरीच्या मादीला दिली होती. मानेवर हे एवढं टक्कल पडलं आणि वर्षभर ती कोपऱ्यात बसून राहिली. माझ्या जनावराला मी सुई देणार नाही.

आणि आता सगळं झालंय. गेल्या आठवड्यात. कुठे गेलो, कसा गेलो, विचारू नकोस. तो विषय संपला.

कथबर्ट


हल,
१५ मे

माझ्या लाडक्या मामा,

तू मला कितीही रागाव! आकृती चुलीत घाल, मला बाराखडी येत नाही म्हण, काय वाटेल ते म्हण. तू गेलास!

"विचारू नकोस" म्हणालास म्हणून विचारत नाही. पण डोळ्यांपुढे चित्र येतंच: तू टोपली घेऊन आमच्या मागच्या दारात, बाबा दार उघडतायत, आई स्वयंपाकघरातून बघतेय आणि कपबशी शोधायचं निमित्त करून रडतेय. कुणी काय बोललं असेल? काहीच नसेल. तुम्ही दोघं बोलणारे कधी होतात? ससे धरायला जायचात तेव्हाही तू बिळाशी क्वीनीला सोडायचास, बाबा जाळी धरून बसायचे, आणि दोन तासांत शब्द निघायचा नाही.

मामा, युनियनच्या पुढाऱ्यांना जे जमलं नाही, पाद्र्यांना जमलं नाही, ते हातभर लांबीच्या एका जनावराने केलं. आपल्यासारखी माणसं एकमेकांवर रागावतात तेव्हा वरच्यांचंच फावतं, हे मी कॉलेजात निबंधात लिहिलं होतं. तू ते करून दाखवलंस.

मी शाळेची सुट्टी लागली की येते. तुम्हा दोघांना एका टेबलाशी बसवून जेवायचंय मला.

तुझी, तुझी, तुझी
बेव्ह


थॉर्नहोप,
८ जून

बेव्ह,

उशीर झाला लिहायला. वाफ्यात काम फार. कांदे चांगले आलेत, घेवड्यावर मावा पडलाय, साबणाचं पाणी मारतोय.

क्वीनी जरा मंदावलीये. उन्हामुळे असेल. शेपटीचे केस झडलेत, जून महिन्यात झडतातच. नाडी चोरायला उठत नाही. काल तिच्या पिंजऱ्याच्या पेटीची फळी चढताना मागचे पाय लटपटले. वय झालं तिचं.

सुट्टीत आलीस तर आईकडेच उतर. माझ्याकडे छपराचं काम निघालंय.

मामा


हल,
१० जून

मामा,

तू गेला नव्हतास.

तुझं पत्र मी वर्गाबाहेर उभी राहून वाचलं. शेपटीचे केस, मागचे पाय. ऊन नाही ते. ते काय आहे हे तुला माझ्या आकृतीशिवाय बाराव्या वर्षापासून माहीत आहे. तूच लिहिलंस तसं.

तू मला खोटं सांगितलंस. मी तुला "लाडक्या" म्हणून लिहिलं, तीनदा "तुझी" लिहिलं, आणि तू ते पत्र वाचलंस आणि गप्प बसलास. तेव्हा तरी सांगायचं होतंस! तेव्हा वेळ होता!

आता हे कर. तिचा ओठ वर कर आणि हिरड्या बघ. गुलाबी असतील तर अजून आशा आहे. मेणबत्तीसारख्या पांढऱ्या असतील तर नाही, पण तरी जा. पत्र मिळेल त्याच दिवशी, पहिल्या बसने, डॉक्टरांकडे. हॅरीच्या मादीचं टक्कल मला सांगू नकोस. टक्कल पडलेली हॅरीची मादी जिवंत आहे.

बेव्हर्ली


हल,
१० जून

बाबा,

मामा क्वीनीला घेऊन तुमच्याकडे आला नव्हता, असं मला आज कळलं. तुम्हाला हे एप्रिलपासून माहीत असणार. तुमचे आणि त्याचे वाफे एका भिंतीला लागून आहेत. क्वीनीची पेटी त्या भिंतीपाशीच आहे.

बिशप तुमच्याकडे आहे. मग तुम्ही काय करत होता?

बेव्हर्ली


थॉर्नहोप,
१३ जून

प्रिय बेव्हर्ली,

तो आला नाही. मी वाट पाहिली.

मला ती दिसत होती. रोज दिसत होती. लाल झालेली, पिंजऱ्याच्या जाळीला अंग घासणारी. त्यालाही दिसत होतं की मला दिसतंय. तो माझ्याकडे पाठ करून कांदे खुरपायचा.

बिशपला टोपलीत घालून मी त्याच्या फाटकापर्यंत गेलो होतो, एकदा नाही, दोनदा. आणि परत आलो. नर मादीच्या दारी नेत नाहीत, बेव्हर्ली. ज्याला गरज आहे त्याने येऊन विचारायचं असतं. मी त्याच्या फाटकात उभा राहिलो असतो तर तो म्हणाला असता, बघा, संपफोड्या माफी मागायला आला. मी कुणाची माफी मागणार नाही. तुझ्या आईच्या छातीत घरघर होती, चुलीत घालायला कोळशाचा खडा नव्हता, खाणीच्या गावात. मी कामावर गेलो. पुन्हा तशी वेळ आली तरी जाईन.

त्याने फक्त विचारायचं होतं.

तुझा
बाबा


थॉर्नहोप,
१७ जून

बेव्हर्ली,

क्वीनी गेली.

तुझं पत्र आलं त्या दिवशी नेलं तिला. बसमध्ये कोटाच्या आत धरून. एरवी कोटात घातली की बगलेत चावायची. चावली नाही. डॉक्टर भला माणूस होता. ओठ उलटून पाहिला, पोटाच्या कातडीवरचे लाल ठिपके पाहिले, आणि माझ्याकडे बघितलंच नाही. सुई दिली. म्हणाला, आता माज उतरेल, पण रक्त कुठून आणू? दोन दिवस दुधात अंडं घालून बोटाने चाटवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पेटीत ताठ झालेली मिळाली.

तू म्हणशील मी मारली. म्हण. पण नर कुणाकडे होता? भिंतीपलीकडून सगळं बघत कोण उभं होतं? त्या माणसाने संपात या जनावराने धरलेले ससे खाल्लेत. मी स्वतः डोरीनच्या हातात दिलेत, ती त्याच्या ताटात वाढायची. शेवटचा ससा तर तो कामावर जायच्या आदल्या दिवशीच दिला. तिने त्याला जगवलं आणि त्याने तिला भिंतीवरून मरताना पाहिलं.

मला उत्तर पाठवू नकोस.

कथबर्ट एल्सडन


हल,
२० जून

मामा आणि बाबा,

हे दोघांना मिळून एकच पत्र आहे. मध्ये कार्बन घातलाय. वरची प्रत कुणाला गेली आणि खालची कुणाला, हे पाकिटात घालताना मी पाहिलं नाही. त्यावरून भांडू नका.

मामा, तू "उत्तर पाठवू नकोस" लिहिलंस. पाठवणार. बाबा, तुम्ही लिहिलंत "त्याने फक्त विचारायचं होतं." मामा, तू लिहिलंस "नर कुणाकडे होता?" दोन्ही पत्रं मी शेजारी शेजारी ठेवली आहेत. अक्षर वेगळं नसतं तर एकाच माणसाने लिहिलीत असं वाटलं असतं.

आम्हाला कॉलेजात शिकवलं की अशी जनावरं मरतात ती लोकांच्या अज्ञानाने. मी ते पाठ केलं, परीक्षेत लिहिलं. मला वाटायचं, शिकायचं, घरी जाऊन सांगायचं, आकृती काढायची, आणि मग कुणी मरणार नाही. किती मूर्ख होते मी! थॉर्नहोपमध्ये अज्ञानी कोण आहे? मामा, तुला हे माझ्या प्राध्यापकांइतकंच माहीत होतं. बाबा, तुम्ही बिशपची नसबंदी करून आणलीत ती का? मादी अशी मरू नये म्हणूनच ना? तुम्हा दोघांना सगळं माहीत होतं. माहीत असून तुम्ही रोज एका भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहून कांदे खुरपलेत.

क्वीनी संपावर नव्हती. ती कामावरही गेली नव्हती. तिला तुमची बस, तुमचे पोलीस, तुमची मान खाली की वर, काही कळत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की अंगात आग आहे आणि ती विझत नाही. दिवसच्या दिवस. तुमच्यापैकी कुणाला ताप आला तर दुसऱ्या दिवशी आई धावते. क्वीनीसाठी कोण धावलं?

आणि आईबद्दलही बोलते. कोळसा नव्हता तेव्हा तिच्यासाठी एक कामावर गेला, ती थंडीत बसली असती तरी चाललं असतं म्हणून दुसरा अजून ओरडतोय. तिला कुणी विचारलं का? मी विचारलं. काल फोनवर. ती म्हणाली, "मला दोघांचाही कंटाळा आलाय गं." एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

मी सुट्टीत येणार नाही.

मामा, तू यापुढे मादी पाळू नकोस. नर पाळ, कुत्रा पाळ, कबुतरं पाळ. ज्याला दार ठोठावता येत नाही त्याने मादी फेरेट पाळू नये. बाबा, तुम्ही बिशपला गावातल्या दुसऱ्या कुणाला देऊन टाका. ज्याच्या हातून फाटक उघडत नाही त्याच्याकडे तो कशाला?

बेव्हर्ली


थॉर्नहोप,
५ ऑक्टोबर

बेव्हर्ली,

तुझं पत्र नाही. आई म्हणते तू बरी आहेस.

हॅरीने एक पिल्लू आणून पेटीत टाकलं. या उन्हाळ्यातलं. मादी आहे. मी नको म्हटलं, तो म्हणाला रिकाम्या पेटीकडे बघवत नाही, आणि निघून गेला. तू मनाई केली होतीस, म्हणून तुला कळवतो. लपवून ठेवलं असं व्हायला नको. यापुढे तरी.

अजून नाव ठेवलं नाही. चावते मात्र क्वीनीसारखी.

मामा


हल,
९ ऑक्टोबर

मामा,

वसंतात ती माजावर येईल. तेव्हा काय करणार आहेस?

बेव्हर्ली


थॉर्नहोप,
२९ मार्च १९८७

बेव्ह,

तू एका ओळीत विचारलं होतंस. मला उत्तर सुचायला सगळा हिवाळा लागला. रागावली असशील. मीही रागावलेलोच आहे. तुझ्यावर सुद्धा. कार्बन लावून पत्र पाठवतात का कुणी मामाला? खालची प्रत मला आली होती, निळी, पुसट. तीही अजून आहे.

ती माजावर आली, महिन्याच्या सुरुवातीला. सुईचं मनात आलं. डॉक्टरांच्या दारापर्यंत गेलो. मग त्या खोलीतलं टेबल आठवलं, तिला ठेवलं होतं ते, आणि पाय उचलेना. परत आलो. तू म्हणशील, मामाचं हे असंच. असेल.

गेल्या रविवारी तो पलीकडे कांद्याच्या पातीसारख्या लीकच्या रोपांना चर पाडत होता. मी पिल्लाला टोपलीत घातलं, झाकण बांधलं, आणि टोपली भिंतीवर ठेवली. बरोब्बर मधोमध, ना त्याच्या बाजूला, ना माझ्या. दार ठोठावलं नाही. काही विचारलं नाही. चहा मागितला नाही. पाठ फिरवून उभा राहिलो.

फावडं थांबल्याचं ऐकू आलं. मला वाटलं, आता हसेल, नाहीतर काहीतरी बोलेल, आणि बोलला असता तर मी टोपली उचलून घरी गेलो असतो, देवाशपथ. बोलला नाही. मग त्याच्या शेडचं दार वाजलं, आणि आतून बिशपचा आणि हिचा आरडाओरडा. तुला माहीत आहे त्यांचं प्रेम कसं असतं, खून चाललाय असं वाटतं. हॅरी त्याच्या वाफ्यातून ओरडला, "कथबर्ट, कुणाला मारतोयस का रे?" मी म्हटलं, तुझं काम बघ.

जेवणाच्या सुमारास टोपली पुन्हा भिंतीवर आली. मधोमध. तिची मान लाळेने ओली, दातांचे व्रण. आत नवं गवत घातलेलं, माझं नव्हतं. मी ते काढून फेकायला निघालो होतो. पण ती त्यात शिरून झोपली होती.

माज उतरला. निरण बसली. आता ती खोटी गाभण आहे, कोपऱ्यात घर करतेय, माझा एक मोजा ओढून नेलाय आणि त्याला चाटते. उन्हाळ्यात पुन्हा माजावर येईल. पुन्हा टोपली ठेवीन.

मी त्याच्याशी बोललेलो नाही आणि बोलणार नाही. तो मान खाली घालून बसमध्ये बसला होता, ते मी विसरणार नाही. पण तू तुझ्या बापाला लिहिशील तेव्हा एवढं कळव: बिशप फार वाळलाय. टोपली उचलताना शेडच्या दारातून त्याची शेपूट पाहिली मी. नुसतं पाव-दूध घालत असणार. त्या जातीला मांस लागतं. माझ्या पेटीशेजारी, भिंतीवर, आज एक ससा सोलून ठेवलाय. सडायच्या आत उचलायला सांग.

मामा